जुन्या किचनच्या खणांपासून वॉशिंग मशीनचा उंच ओटा

किचन नवं केलं की जुने खण, म्हणजे ओट्याखालची कपाटं, एक तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात, नाहीतर गच्चीवर पडून पावसात फुगतात. त्यांतले दोन जरी धडके निघाले, तर फ्रंट लोड वॉशिंग मशीनसाठी पंधरा इंच उंचीचा भक्कम ओटा होतो आणि शेजारी पावडर-बादलीसाठी एक कप्पाही मिळतो. सुतारकाम आधी केलेलं नसलं तरी हरकत नाही. ड्रिल हातात धरवत असेल आणि टेपवरचे आकडे वाचता येत असतील तर दोन सुट्ट्यांत काम उरकतं.

स्वतःचं घर असेल, वॉशमध्ये, म्हणजे किचनमागच्या धुण्याच्या जागेत, मशीनची कायमची जागा ठरलेली असेल, तर गवंड्याकडून विटा आणि कोट्याची फरशी लावून पक्का ओटा बांधून घेणं हेच सगळ्यांत चांगलं, हे आधीच सांगतो. त्याला काही होत नाही. पण भाड्याच्या घरात तोडफोड चालत नाही, आणि पक्क्या ओट्यात खाली कप्पा मिळत नाही. शिवाय जुने खण घरात पडलेले असतात आणि टाकवत नाहीत. अशांसाठी हा लेख.

सगळं गणित थरथरीचं

वजनाची भीती सगळ्यांनाच वाटते. सात-आठ किलो कपडे धुणारं फ्रंट लोड मशीन रिकामं असताना ६० ते ७५ किलोचं असतं, कारण आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. पाणी आणि ओले कपडे धरून ते ९०-१०० किलोपर्यंत जातं. ओटा तेवढं वजन मुकाट्याने पेलतो. किचनच्या खणांवर ग्रॅनाइटची फरशी ठेवतोच की आपण.

खण मोडतो तो पिळण्याच्या वेळी. समजा ड्रममध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले आणि तोल फक्त ३०० ग्रॅमने बिघडला. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगात, ड्रमची त्रिज्या पाव मीटर धरली, तर हा तोल साधारण १२० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, आणि तेही दर सेकंदाला वीस वेळा दिशा बदलत. आतल्या स्प्रिंगा आणि डॅम्पर यातला बराचसा जोर पचवतात, पण उरलेला पायांतून ओट्यात उतरतो. किचनचा खण अशा कामासाठी बनलेलाच नसतो. त्याची पाठ सहा मिलीची, सांधे दोन-चार स्क्रूंवर, खाली प्लॅस्टिकचे पाय. अशा खणावर मशीन थेट ठेवलं तर तो पहिल्या दिवशी पडणार नाही. महिन्या-दोन महिन्यांत स्क्रूची भोकं सैल होतील आणि चौकोन हळूहळू तिरपा व्हायला लागेल.

म्हणून खण जसाच्या तसा वापरायचा नाही. तो सोडवायचा, त्याच्या फळ्या घ्यायच्या आणि ओटा नव्याने जोडायचा. मशीनचा प्रत्येक पाय उभ्या फळीच्या बरोबर डोक्यावर आला पाहिजे, आणि चौकट कोणत्याही बाजूला तिरपी होता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन अटींसाठीच आहेत.

मशीन वर चढवण्याजोगं आहे का

फ्रंट लोड असेल तर हो. टॉप लोड असेल तर नाही. त्याचं झाकण आधीच कमरेच्या वर येतं, आणखी पंधरा इंच वर नेलं तर तळाचा मोजा काढायला स्टूल लागेल. सेमी ऑटोमॅटिकला चार इंच पुरतात, त्यासाठी चार पक्क्या विटा आणि वर कोट्याचा तुकडा ठेवा.

मशीनची पुस्तिका एकदा काढून वाचा. काही कंपन्या फक्त पक्क्या जमिनीवर ठेवा असं लिहितात. काहींच्या पुस्तिकेत ओट्यावर ठेवल्यास पाय धरून ठेवणाऱ्या पट्ट्या लावा अशी सूचना असते आणि त्या पट्ट्या सुट्या मिळतात. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिसवाल्याला आधी विचारून घेतलेलं बरं.

उंची किती

साधारण फ्रंट लोड मशीन ८५ सेंटीमीटर उंच असतं आणि त्याच्या दाराचा मध्य जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटरवर येतो. पंधरा इंच, म्हणजे ३८ सेंटीमीटर वर घेतलं की तो ८३ वर जातो. आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याची उंची जवळपास एवढीच असते. कंबर वाकत नाही आणि खाली बादली नाहीतर कपड्यांचा टब सरकवता येतो. मशीनचा माथा १२३ सेंटीमीटरवर येईल. घरात कुणी पाच फुटांच्या आतलं असेल तर पावडरचा खण ओढून आत बघता येतंय ना, हे टेपने भिंतीवर खूण करून आधी पाहून घ्या. वर गीझर, कपड्यांची दोरी किंवा खिडकीचं उघडतं दार आड येत नाही ना, तेही त्याच वेळी बघून टाका.

बडोद्यात एक प्रश्न हमखास येतो: पूर आला तर? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यांत शिरलं, तेव्हापासून तर जास्तच. फ्रंट लोडची मोटर खालच्या भागात असते, त्यामुळे घोट्याभर किंवा पोटरीपर्यंतच्या पाण्यात या ओट्याने मशीन वाचेल. त्या वेळी कित्येक घरांत पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. तेवढ्या पाण्यापुढे पंधरा इंचांचं काही चालत नाही. पाणी वाढायला लागलं की मेन बंद करून प्लग काढायचा, बाकीचं नंतर.

खण पारखणं

इथे वेळ घालवा. घरात संखेड्याचा सागवानी झोपाळा असला की प्रत्येकाला वाटतं आपल्याला लाकूड कळतं, पण सागवानाची पारख वेगळी आणि सनमायक्याखाली दडलेल्या बोर्डाची वेगळी.

शटर काढा आणि बिजागरीचा कप उपसा. आत ३५ मिली रुंदीचं गोल भोक दिसेल, अकरा-बारा मिली खोल. त्या भोकाच्या भिंतीत टॉर्च मारा. एकावर एक आडवे-उभे पातळ थर दिसले तर प्लाय. भुश्याचे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड. एकसारखा, पुठ्ठ्यासारखा तपकिरी लगदा दिसला तर एमडीएफ. मात्र शटर एका मालाचं आणि खण दुसऱ्याच मालाचा, असं सर्रास असतं. म्हणून खणाच्या उभ्या फळीचीही कडपट्टी एका कोपऱ्यात पटाशीने उचलून बघा.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या कामाला अजिबात नको. थरथरीने त्यांत स्क्रू टिकत नाही आणि वॉशमधल्या ओलीने ते फुगतात. हल्ली गुजरातेत घरोघरी दिसणारं पोकळ पीव्हीसीचं फर्निचर पाण्याला चांगलं, पण वजनाला नाही. त्याची फार तर ओट्याची दारं करा.

प्लाय निघाला तर तो कोणता हे बघायचं. फळीच्या उघड्या बाजूवर शिक्का असला तर नशीब. आयएस (भारतीय मानक) ७१० म्हणजे मरीन प्लाय, ज्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. दुकानात यालाच बीडब्ल्यूपी म्हणतात. आयएस ३०३ मध्ये दोन जाती: बीडब्ल्यूआर बऱ्यापैकी ओल सोसतो, एमआर म्हणजे साधा कमर्शियल. एमआर पूर्ण कोरड्या जागी असेल तरच वापरा. शिक्का नसेल तर फळीच्या कोपऱ्याचा एक तुकडा कापून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी थर सुटायला लागले असतील तर विषय संपला.

सिंकखालचा खण सरळ नाकारा, कितीही चांगला दिसला तरी. तो वर्षानुवर्षं ओला राहिलेला असतो. बाकीच्या खणांवर बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज एखाद्या जागी पोकळ, कागदी येत असेल तर आत वाळवी फिरून गेली आहे. ती फळी घरात ठेवूच नका.

आपल्याला हवेत साधे, खाली ठेवायचे दोन खण. त्यांच्या उभ्या फळ्या सहसा २८ इंच उंच, २२ इंच खोल आणि १६ ते १८ मिली जाडीच्या असतात. १८ मिलीच्या असतील तर उत्तम.

मोजमाप

मशीन पुढे झुकवून, एकाने धरून, दुसऱ्याने चारही पायांची मापं घ्यायची: डाव्या पायाच्या मध्यापासून उजव्या पायाच्या मध्यापर्यंत, आणि पुढच्यापासून मागच्यापर्यंत. डावे-उजवे अंतर बहुतेक वेळा २० ते २१ इंच भरतं. पुढचे पाय आणि मागचे पाय यांचं रुंदीचं अंतर काही मशीनमध्ये वेगळं असतं, म्हणून दोन्ही मोजा. हे आकडे वॉशच्या टाइल्सवर खडूने लिहून ठेवा, कागद हरवतो.

माझ्या हिशोबात ओट्याची फळी ४० इंच रुंद आणि २४ इंच खोल आहे. उंचीचा हिशोब असा: खाली कोट्याची पट्टी १ इंच, उभ्या फळ्या साडेबारा इंच, वर १९ मिलीच्या दोन फळ्या मिळून दीड इंच. एकूण पंधरा. वॉशच्या लादीला पाणी जाण्याच्या जाळीकडे उतार असतोच, त्यामुळे मागे आणि पुढे दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडेल. तो फळ्या कमी-जास्त कापून काढायचा नाही, कोट्याखालच्या सिमेंटात काढायचा.

पहिल्या खणाच्या दोन उभ्या फळ्या, प्रत्येकी २८ इंच. एकीतून साडेबाराचे दोन तुकडे निघतात, म्हणजे एकूण चार. दोन-दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ३६ मिली जाडीच्या दोन भिंती करायच्या. एक मशीनच्या डाव्या पायांखाली, दुसरी उजव्या पायांखाली. मशीनचा पाय चार-पाच सेंटीमीटर रुंद असतो, तो अशा जाड भिंतीवर व्यवस्थित बसतो. दुसऱ्या खणातून शेजारच्या कप्प्याची बाहेरची, तिसरी उभी फळी काढायची. ती एकेरी चालते, कारण तिच्यावर मशीन नाही. तळफळ्याही याच खणातून.

पाठीसाठी जुनी सहा मिलीची फळी वापरू नका. ओटा डावी-उजवीकडे झुलू न देण्याचं काम पाठच करते. शटर प्लायची असतील तर ती साडेबारा इंचांवर कापून दोन तुकड्यांत पाठ करा. सांधा मधल्या जाड भिंतीवर येऊ द्या, म्हणजे दोन्ही तुकड्यांना स्क्रू मारायला जागा मिळते. शटर एमडीएफची असतील तर १२ मिलीचा बीडब्ल्यूपी आणा.

नवीन घ्यायचा तो वरच्या फळीचा माल. लाटीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, १९ मिली बीडब्ल्यूपीचा चार बाय चारचा अर्धा तुकडा मागा. त्यातून ४० बाय २४ च्या दोन फळ्या निघतात आणि आठ इंचांची एक लांब पट्टी उरते, तिचा उपयोग पुढे आहे. कापणीही तिथेच मशीनवर करून घ्या, जुन्या फळ्यासुद्धा घेऊन जा. त्यातले खिळे-स्क्रू मात्र एकूण एक काढून न्या, नाहीतर पातं खराब झालं म्हणून ओरडा बसेल, आणि तो रास्तच असेल. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन ही हुन्नर शिकवणारी शाळा काढली त्या बडोद्यात करवतीला हात लावायला लाजू नये हे खरं, पण काटकोनात सरळ कापणं हातकरवतीने नवशिक्याला साधत नाही.

जोडणी

सामान थोडकंच: ड्रिल, ३ मिलीचं बिट, ८ नंबरचे दोन इंची आणि सव्वा इंची स्क्रू, गुण्या (काटकोन तपासायला), पाणसळ (पातळी बघायला), चार शिकंजे (फळ्या आवळून धरायला), पाण्याला टिकणारा मरीन फेविकॉल, दोन नंबरचा सँडपेपर.

सनमायक्यावर फेविकॉल धरत नाही. जिथे जिथे सनमायका समोरासमोर येणार तिथे तो खरवडून काढा किंवा सँडपेपरने घासून पूर्ण खरखरीत करा. मग जोडभिंती चिकटवा, शिकंज्यांनी आवळा, आतल्या बाजूने सव्वा इंची स्क्रू सहा इंचांवर मारा आणि रात्रभर सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी तिन्ही उभ्या फळ्या उलट्या करून, म्हणजे डोकं खाली ठेवून, सपाट लादीवर उभ्या करा. पाठ लावा. फळीच्या कडेत स्क्रू मारताना आधी ३ मिलीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर प्लायचे थर उकलतात. स्क्रू चार इंचांवर एक, सोबत फेविकॉल. पहिला स्क्रू मारल्यावर कर्ण मोजा: एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरा. दोन्ही सारखे आले तरच पुढे जा. एका सुताचा फरक चालतो, दोनचा नाही.

तळफळी उभ्या फळ्यांच्या मध्ये बसवायची. उभ्या फळ्या तळफळीवर उभ्या करायच्या नाहीत. त्या थेट कोट्यापर्यंत खाली गेल्या पाहिजेत. उरलेल्या आठ इंची पट्टीतून चार इंच रुंदीच्या दोन पट्ट्या काढा आणि त्या प्रत्येक कप्प्याच्या मापाने कापून वर पुढच्या बाजूला, उभ्या फळ्यांच्या मध्ये उभ्या बसवा. पाठ मागून जे काम करते तेच या पट्ट्या पुढून करतात. बादली आत घालताना चार इंच कमी मिळतील, पण यात तडजोड करू नका. बादली बसत नसेल तर बुटका टब वापरा.

आता ओटा सुलटा करा. वरची पहिली फळी उभ्या फळ्यांवर ठेवून वरून दोन इंची स्क्रूंनी आवळा. स्क्रूचं डोकं फळीत रुतलं पाहिजे. दुसऱ्या फळीला पूर्ण अंगाला फेविकॉल लावून ती पहिलीवर ठेवा, चहूकडून शिकंजे लावा, मग खाली कप्प्यात हात घालून खालून वर सव्वा इंची स्क्रू मारा. ३८ मिलीच्या जाडीत ३२ मिलीचा स्क्रू वर डोकावत नाही. अशाने वरच्या तोंडावर एकही भोक राहत नाही, म्हणजे पाणी झिरपायला वाटच नाही. हा क्रम चुकवू नका. मिस्त्री घाईत वरूनच दणादण स्क्रू मारतात आणि वर सनमायका चिकटवतात. वर्षभराने तिथेच फुगवटा येतो.

वर सनमायका लावा. कडेने २० मिली उंचीची लाकडी पट्टी तीन बाजूंना, मशीन चालत पुढे आलंच तर अडावं म्हणून. मागची बाजू पाइपांसाठी मोकळी. पुढची पट्टी लावण्याआधी मशीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या फिल्टरचं झाकण कुठे येतं ते बघा. पट्टी त्याला आडवी आली तर फिल्टर साफ करता येणार नाही. फिल्टर उघडल्यावर पाणी सांडतंच, आणि उंचीवर एक सोय होते: खाली परात धरता येते.

ओल

प्लाय मरतो तो कडांतून. प्रत्येक कापलेल्या कडेवर, विशेषतः उभ्या फळ्यांच्या खालच्या कडांवर, आधी प्रायमर आणि मग ऑइल पेंटचे दोन हात द्या. खालच्या कडांना एरल्डाइट (दोन ट्यूबांचा घट्ट गोंद) चोपडलं तर आणखी चांगलं. पट्टी आणि सनमायक्याच्या फटीत सिलिकॉन. ओटा लादीवर थेट ठेवू नका: कोट्याच्या दोन इंच रुंद पट्ट्या उभ्या फळ्यांखाली पुढून मागे अशा सिमेंटात बसवा, पाणसळीने एका पातळीत आणा आणि दोन दिवस ओल्या ठेवा. भाड्याच्या घरात सिमेंट नको असेल तर पट्ट्या सिलिकॉनवर बसवा, नंतर निघतात. लादी धुतलेलं पाणी पट्ट्यांच्या मधून जाळीकडे वाहून गेलं पाहिजे.

आपल्याकडे किचनमागचा वॉश बऱ्याच फ्लॅटमध्ये एका बाजूने उघडाच असतो. नैऋत्येचा पाऊस तिकडून आत येत असेल तर ओटा कितीही रंगवा, ताडपत्रीचा पडदा लावावाच लागेल.

भिंतीला बांधणं

दोन एल अँगल, चार इंची, वरच्या फळीखाली मागच्या दोन कोपऱ्यांत लावून भिंतीत ८ मिलीच्या प्लास्टिक गुट्ट्यांनी आवळा. टाइलवर आधी टाइलचं बिट, ड्रिलचा हातोडा बंद. टाइल पार झाली की मग हातोडा चालू. नळाच्या सरळ वर, सरळ खाली आणि सॉकेटच्या रेषेत भोक पाडू नका, पाइप आणि वायर सहसा तिथूनच गेलेल्या असतात. पाइपांसाठी मशीनच्या मागे दोन-तीन इंच जागा हवी, त्या हिशोबाने ओटा भिंतीपासून किती दूर ठेवायचा ते ठरवा.

पाणी, निचरा आणि वीज

इथे नवखे लोक हमखास अडकतात, कारण ओटा झाला की काम झालं असं वाटतं.

निचऱ्याचा पाइप आधी घ्या. फ्रंट लोडमध्ये पाणी पंपाने बाहेर जातं आणि बहुतेक पुस्तिकांत पाइपचा वरचा बाक मशीनच्या पायांपासून ६० ते १०० सेंटीमीटर उंच ठेवायला सांगितलेलं असतं. मशीन जमिनीवर असताना पाइप जाळीत नुसता टाकला तरी मागच्या क्लिपमुळे बाक आपोआप वर राहतो. मशीन वर गेल्यावर पाइप लांबीला कमी पडतो, तो ओढून घ्यायला आपण क्लिप काढतो, आणि मग सायफन सुरू होतो: मशीन पाणी भरतंय, पाणी आपोआप जाळीत जातंय, मशीन पुन्हा भरतंय. धुणं तासन्‌तास संपत नाही आणि टाकी रिकामी होते. उपाय सोपा आहे. बाक वरच ठेवा आणि भिंतीला दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप उभा लावा, त्याचं तोंड ओट्याच्या फळीपासून ६०-७० सेंटीमीटर उंच आणि खालचं टोक जाळीवर. मशीनचा पाइप त्या तोंडात वरून अडकवायचा, पण आजूबाजूने हवा जायला जागा ठेवायची. तोंड टेपने बंद केलंत तर सायफन पुन्हा हजर.

पाणी भरायचा नळ. दर मीटर उंचीला पाण्याचा दाब ०.१ बार मिळतो. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चार मजल्यांच्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर प्रश्नच नाही. पण सगळ्यांत वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच असेल, तर मशीनच्या नळीपासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम अडीच मीटर भरतात, म्हणजे पाव बार. त्यातले ०.०४ बार आपण ओटा करून घालवले. मशीन आधीच कुरकुरत असेल तर छोटा प्रेशर पंप लागेल. महानगरपालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं तेव्हा दाब चांगला असतो, म्हणून चाचणी त्या वेळात घेऊ नका. दुपारी, फक्त टाकीच्या पाण्यावर घ्या.

वीज: पाणी तापवणाऱ्या फ्रंट लोडला साधारण दोन हजार वॅट लागतात. सोळा अँपिअरचं सॉकेट, अर्थिंगसह, आणि तेही मशीनच्या मागे न येता बाजूला, हात पोहोचेल असं. एक्स्टेंशन बोर्ड कप्प्यात ठेवायचा मोह होईल. ठेवू नका, वरून पाणी गळलं की पहिलं तिथेच येतं.

चढवणं आणि पहिली पिळणी

आधी फिल्टरमधून आतलं पाणी काढून टाका. दोन धडधाकट माणसं हवीत, तीन असतील तर बरं. दाराला किंवा वरच्या झाकणाला धरून उचलू नका. खालच्या चौकटीला हात घाला. मागच्या बाजूला प्रवासाचे बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून असतात ते) लावलेले राहिले नाहीत ना ते बघा, विशेषतः घर बदलताना लावले असतील तर. ते तसेच ठेवून मशीन पिळायला लावलं तर कुठलाच ओटा त्याला धरून ठेवू शकत नाही.

पायांखाली घट्ट रबराच्या वाट्या किंवा दहा-बारा मिलीची कडक रबरी शीट. मऊ फोम नको, त्याने मशीन आणखी डोलतं. पाणसळ आधी आडवी, मग उभी ठेवून पाय फिरवत पातळी आणा. पातळी आल्यावर प्रत्येक पायावरचा लॉक नट पान्याने वर, मशीनच्या अंगाला घट्ट आवळा. माथ्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्या, नंतर दुसऱ्या जोडीवर. जरासुद्धा डुलणं जाणवलं तर एखादा पाय अधांतरी आहे.

पहिली पिळणी रिकामी, कमी वेगात. मग ४०० वरून ८०० वर. नंतर पाच-सहा टॉवेलांचं नेहमीचं धुणं आणि पूर्ण वेग. एकटी सोलापुरी चादर टाकून चाचणी घेऊ नका, ती गोळा होऊन कुठल्याही मशीनला नाचवते. मशीन हलत असेल तर पाय बघा, मग कपडे नीट पसरून पुन्हा पिळा. ओट्यावर संशय त्यानंतर. तळहात ओट्याच्या बाजूला ठेवा: बारीक थरथर ठीक, पण ओटा हातात ढकलल्यासारखा येत असेल तर पाठीचे स्क्रू वाढवा, चार इंचांऐवजी दोनावर आणा.

पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू आणि लॉक नट एकदा फिरवून बघायचे, एखादा पाव फेरा घेतोच. दारं त्यानंतर लावा. मशीनखालच्या कप्प्याला बंद दार लावू नका, तिथे हवा खेळती राहिली पाहिजे आणि गळती झाली तर लगेच दिसली पाहिजे. उंदीर येत असतील तर मशीनच्या तळाला मिळणारी जाळीदार फळी ओट्यावर चढवण्याआधीच लावून घ्या. नंतर पुन्हा ७० किलो उतरवायला कुणी तयार होत नाही.